बासष्टाव्या वर्षी नर्स, ब्याऐंशीव्या वर्षी पुन्हा गायिका: अल्बर्टा हंटर यांच्या दोन निर्णयांचा अभ्यास

न्यू यॉर्कच्या ईस्ट नदीत रूझवेल्ट बेट आहे. त्या बेटावरच्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलनं १९७७ मध्ये एका नर्सला नियमानुसार निवृत्त केलं. कागदोपत्री तिचं वय ७० होतं, खरं वय ८२. वीस वर्षं बरोबर काम केलेल्या बहुतेकांना एवढंच माहीत होतं, की बाई कामाला चोख आहेत आणि रोग्यांशी मायेनं वागतात. याच बाईंनी जॅझचे विख्यात वादक लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं आणि लंडनच्या रंगभूमीवर गायक-नट पॉल रोबसन यांच्यासमोर काम केलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ही गोष्ट बहुतेक वेळा चमत्कार म्हणून सांगितली जाते: विसरलेली गायिका, म्हातारपणी मिळालेलं यश, डोळ्यांत पाणी. मला ती तशी सांगायची नाही. बाईंनी प्रत्येक वळणावर काय पाहिलं, हातात कोणते पर्याय होते आणि त्यांतून काय निवडलं, ते इथं मांडायचं आहे. गायिकेचं आणि तिच्या क्षेत्रातल्या प्रसिद्ध व्यक्तींचं नाव सर्वांना ठाऊक असल्यानं तसंच ठेवलं आहे. हॉस्पिटलातले सहकारी, नर्सिंग शाळेतली माणसं आणि रेकॉर्ड कंपनीतला एक मध्यस्थ यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

अल्बर्टा हंटर यांचा जन्म १ एप्रिल १८९५ चा, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. वडील पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांत पोर्टर होते, ते लवकरच घर सोडून गेले. आई लॉरा एका कुंटणखान्यात मोलकरणीचं काम करायची. शिकागोत गाणाऱ्या मुलींना आठवड्याला १० डॉलर मिळतात, असं पोरीच्या कानावर आलं आणि घरी न सांगता तिनं आगगाडी पकडली. शिकागोत हाताला लागलं ते काम बटाटे सोलायचं. आठवड्याला ६ डॉलर, वर राहणं-जेवण. त्यातले पैसे ती आईला पाठवायची. पुढं आईलाच तिनं आपल्याकडं आणलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं. हा धागा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्याला बांधलेले आहेत.

दक्षिणेतल्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं तेव्हा शिकागोच्या साउथ साइडला येत होती. त्यांच्याबरोबर त्यांचं संगीतही आलं. अल्बर्टा आधी गुंड आणि वेश्यांचा राबता असलेल्या अड्ड्यांत गायली, मग जरा बऱ्या जागी, आणि शेवटी ड्रीमलँड या नावाजलेल्या क्लबात पोचली. तिथं जॅझवादक किंग ऑलिव्हरचा बँड वाजायचा. मायक्रोफोन नव्हता. कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि ढोल यांच्या वरून आवाज शेवटच्या टेबलापर्यंत न्यायचा, आणि तोही शब्द न् शब्द कळेल असा. गायिका टेबलाटेबलाशी जाऊन गायची, लोक नोटा द्यायचे. पगारापेक्षा ही बक्षिसी मोठी असायची. गाण्यांच्या छापील नोटेशनचा धंदा तेव्हा जोरात होता. ड्रीमलँडमध्ये अल्बर्टानं उचललेलं गाणं गावभर पसरतं हे ठाऊक असल्यानं गीतकार नवी गाणी घेऊन तिच्याकडं यायचे.

१९२० मध्ये गायिका मॅमी स्मिथच्या एका ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखातून आलेली गाण्याची शैली) रेकॉर्डनं विक्रीचा धमाका केला, तेव्हा कुठं रेकॉर्ड कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय माणूसही पैसे मोजून रेकॉर्ड घेतो. १९२१ मध्ये अल्बर्टा हंटर ब्लॅक स्वान या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कंपनीसाठी गायल्या आणि पुढच्याच वर्षी पॅरामाउंटकडं गेल्या.

अडचण: गाणं गाजलं, पैसा कुठं गेला?

१९२२ मध्ये हंटर आणि पियानोवादक लवी ऑस्टिन यांनी मिळून ‘डाउनहार्टेड ब्लूज’ केलं. शब्द हंटर यांचे. पॅरामाउंटवर आलेली त्यांची रेकॉर्ड बरी खपली. मग फेब्रुवारी १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीनं हेच गाणं एका नव्या गायिकेकडून गाऊन घेतलं. ती बेसी स्मिथ, आणि तिची ही पहिलीच रेकॉर्ड. सहा महिन्यांत ७ लाख ८० हजार प्रती गेल्या, असा आकडा सांगितला जातो.

हंटर यांच्या हाती रॉयल्टी आली ३६८ डॉलर.

पॅरामाउंटसाठी कृष्णवर्णीय कलावंतांचं काम पाहणाऱ्या माणसानं गाण्याचे हक्क परस्पर कोलंबियाला दिले होते, आणि रॉयल्टी आपल्याकडं येईल अशी तजवीज केली होती. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात एका गाण्याला रेकॉर्डच्या प्रतीमागे २ सेंट असा दर ठरलेला होता. तो पुरता धरला तर ७ लाख ८० हजार प्रतींचे १५,६०० डॉलर होतात. प्रकाशकाचा निम्मा वाटा काढा, उरलेल्याचे हंटर आणि ऑस्टिन यांच्यात दोन भाग करा. तरी एकीच्या पदरात ३,९०० डॉलर पडायला हवे होते. बटाटे सोलायच्या पगारानं मोजलं तर ती साडेबारा वर्षांची कमाई झाली.

बेसी स्मिथ यांनाही रॉयल्टी नव्हतीच. रेकॉर्डच्या एका पूर्ण झालेल्या बाजूचे, म्हणजे एका गाण्याचे, १२५ डॉलर घ्यायचे आणि घरी जायचं, असा करार होता. म्हणजे लिहिणारी आणि गाणारी, दोघी रिकाम्या हातानं बाहेर राहिल्या.

लबाडी कळल्यावर हंटर यांनी त्या माणसासाठी गाणं बंद केलं. पॅरामाउंटच्या करारात असतानाच सावत्र बहिणीचं नाव लावून, ‘जोसेफिन बीटी’ म्हणून, त्यांनी १९२४ मध्ये दुसऱ्या कंपनीत ध्वनिमुद्रणं केली. त्यांत आर्मस्ट्राँग आणि जॅझवादक सिडनी बेशे साथीला होते. पोट भरायचं असेल तर आपली ओळख आपणच कापून द्यायची, हा त्या काळचा व्यवहार.

इथून बाईंचा स्वभाव घडला असं मला वाटतं. आपल्याविषयीची माहिती त्या जपून, मोजून देत. १९१९ चं लग्न फार टिकलं नाही. लॉटी टायलर या जिवलग सखीबरोबरचं नातं त्यांनी जन्मभर चारचौघांपासून दूर ठेवलं. वय तर सोयीनुसार बदलायच्या. ही सवय पुढं त्यांना तारणारही होती आणि नडणारही.

मधली तीस वर्षं

ही थोडक्यात. १९२७ मध्ये हंटर युरोपात गेल्या. मे १९२८ मध्ये लंडनच्या ड्र्युरी लेन नाट्यगृहात ‘शो बोट’ हे संगीत नाटक उभं राहिलं, त्यात ‘जो’ ही भूमिका रोबसन यांनी केली आणि ‘क्वीनी’ची हंटर यांनी. न्यू यॉर्कच्या मूळ प्रयोगात हीच क्वीनी एका गोऱ्या नटीनं तोंडाला काळं फासून केली होती. लंडनमध्ये ती भूमिका एका कृष्णवर्णीय बाईच्या वाट्याला आली, ही गोष्ट लहान नाही. १९३४ मध्ये लंडनच्याच डॉर्चेस्टर हॉटेलात त्या जॅक जॅक्सनच्या ऑर्केस्ट्राबरोबर गात होत्या. युरोपात युद्धाचे ढग जमले तशा त्या मायदेशी परतल्या, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कार्यक्रम करत चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीपर्यंत येऊन गेल्या, पुढं कोरियातही.

म्हणजे काम होतं. पण पुढच्या महिन्याची खात्री देणारं काहीही नव्हतं.

निर्णयाची वेळ

१९५० च्या दशकाच्या मध्यावर हंटर साठीला आल्या. क्लबांचं गिऱ्हाईक कमी झालं होतं, तरुण पोरं रॉक अँड रोलकडं वळली होती आणि जुन्या ब्लूज गायिकांना बोलावणी येईनाशी झाली होती. त्यातच आई गेली. जिच्यासाठी कमवायचं तीच उरली नाही, तेव्हा रंगमंचावरचं मन उडालं.

समोर काय होतं?

पहिला पर्याय, गात राहणं. त्याचं काय होतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. मंदीत कोलंबियानं बेसी स्मिथला १९३१ मध्ये सोडून दिलं. १९३७ मध्ये मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली, आणि तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडलं. मॅमी स्मिथ १९४६ मध्ये हलाखीत वारली. या काही ऐकीव दंतकथा नव्हत्या, ही त्यांच्याच पिढीची माणसं होती.

दुसरा पर्याय, जुन्या गाण्यांवर जगणं. ३६८ डॉलरचा हिशोब आठवणाऱ्या बाईनं त्यावर विसंबून राहावं तरी कसं?

तिसरा, पुन्हा परदेश. अमेरिकेत मान मिळत नाही म्हणून बाहेर गेलेल्या जॅझ कलावंतांची मोठी वाट होती, आणि ती आपल्या मुंबईवरूनही जायची. शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. अशाच परदेशी बँडमधून गोव्याचे वादक जॅझ शिकले. पण वेदरफर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला, पन्नाशीही न गाठता. परक्या मुलखात म्हातारपण काढणं म्हणजे आजारपणात कोणी नसणं. साठीच्या एकट्या बाईसाठी ही वाट उरली नव्हती.

चौथा पर्याय त्यांनी स्वतःच शोधला. न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका हॉस्पिटलात त्या स्वयंसेवक म्हणून जायला लागल्या होत्या. लोकांच्या उशाशी बसणं, त्यांचं दुखणं ऐकणं त्यांना जमत होतं, आवडतही होतं. मग पगारी नर्सच का होऊ नये?

केलेल्या गोष्टी

प्रॅक्टिकल नर्सच्या (रोग्यांची रोजची शुश्रूषा करणाऱ्या नर्सच्या) अभ्यासक्रमाला वयाची आणि शिक्षणाची अट होती. हंटर यांच्याकडं ना ते वय, ना हायस्कूलचं प्रमाणपत्र. त्यांनी वय बारा वर्षांनी कमी सांगितलं आणि प्रमाणपत्र असल्याचंही भासवलं. अभ्यासक्रम मात्र त्यांनी खराखुरा पुरा केला, परीक्षा खरी दिली, आणि १९५७ मध्ये परवाना मिळवला. त्याच वर्षापासून गोल्डवॉटरमध्ये नोकरी.

इथं थांबावंसं वाटतं. कागदावर हे खोटंच होतं. नर्सचं काम जिवाशी खेळणारं, तिथं खोटी कागदपत्रं चालवून घ्यावीत असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण अट कशासाठी होती ते पाहायला हवं. साठीची बाई हे कष्टाचं काम झेपवू शकणार नाही, असा तिचा अर्थ. हंटर यांनी ते वीस वर्षं झेपवलं. गोल्डवॉटर हे दीर्घकाळच्या रोग्यांचं सरकारी हॉस्पिटल होतं. अंथरुणाला खिळलेले, महिनोन्महिने तिथंच राहणारे लोक. त्यांना उचलायचं, कूस बदलून द्यायची, भरवायचं. ऐंशी ओलांडेपर्यंत त्या हे करत होत्या.

दुसरा निर्णय गुपित राखण्याचा. गायिका म्हणून ओळख सांगितली असती तर हॉस्पिटलात कौतुक झालं असतं, वर्तमानपत्रात बातमी आली असती, आणि त्याबरोबर जन्मसालही आलं असतं. जुन्या ओळखीला हात लावला की नवी नोकरी धोक्यात. म्हणून गप्प राहणं, हा त्या खोट्या तारखेचा हप्ता होता आणि तो त्यांनी वीस वर्षं भरला.

तिसरा प्रसंग १९६१ चा. अकरा वर्षं त्या स्टुडिओत गेल्या नव्हत्या. ख्रिस अल्बर्टसन या तरुण निर्मात्यानं त्यांना शोधून काढलं आणि दोन ध्वनिमुद्रणांसाठी तयार केलं. एकात जुन्या सहकारी लवी ऑस्टिन पुन्हा पियानोवर होत्या, दुसऱ्यात व्हिक्टोरिया स्पायव्ही आणि लुसिल हेगॅमिन या समकालीन गायिका. आवाज शाबूत होता. अनेकींनी इथं मोहात पडून नोकरी सोडली असती. हंटर गाऊन आल्या आणि पुन्हा कामावर हजर झाल्या. या सगळ्या कहाणीत मला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. त्या वेळी ब्लूजच्या जुन्या मंडळींना नव्या पिढीचे श्रोते मिळू लागले होते, हाक येऊ शकली असती. पण तिच्यावर घर चालतं का, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

परिणाम

मग १९७७. सत्तरीची मर्यादा आली आणि हॉस्पिटलनं त्यांना घरी पाठवलं. बाईंना जायचं नव्हतं. आपण ब्याऐंशी वर्षांच्या आहोत हे सांगून वाद घालायची सोयही नव्हती.

त्याच सुमारास गायिका मेबल मर्सर यांच्यासाठी गायक-पियानोवादक बॉबी शॉर्ट यांच्या घरी मेजवानी झाली. तिथं चार्ल्स बुर्ज्वा या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या गृहस्थांनी हंटर यांना हेरलं आणि बार्नी जोसेफसनना कळवलं. जोसेफसन म्हणजे १९३८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये कॅफे सोसायटी काढणारा माणूस, जिथं गोरे आणि काळे एकाच दालनात शेजारी बसून ऐकत आणि जिथं बिली हॉलिडे गायची. आता त्यांचं ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘द कुकरी’ नावाचं रेस्टॉरंट होतं. त्यांनी थोड्या दिवसांचं काम देऊ केलं.

ते थोडे दिवस सहा वर्षं चालले. पियानोवर जेराल्ड कूक, कानात मोठाले डूल, आणि समोर रोज भरलेलं रेस्टॉरंट. १९७८ मध्ये एका चित्रपटासाठी त्यांनी स्वतःची गाणी लिहून गायली. निर्माते जॉन हॅमंड यांनी त्यांना कोलंबियाशी करारबद्ध केलं. हो, तीच कोलंबिया. तिथून त्यांचे आल्बम आले. जिमी कार्टर यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये गाणं झालं, पुढं युरोप आणि ब्राझीलचे दौरेही.

या वेळच्या त्यांच्या गाण्यात एक बेफिकिरी आहे, आणि तिचं मूळ मला त्या नोकरीत दिसतं. वीस वर्षांची नोकरी पाठीशी होती. उद्या ऐकणारे आले नाहीत तरी चूल पेटणार होती. १९२३ मध्ये करारासमोर बसलेल्या अल्बर्टाकडं हे बळ नव्हतं, म्हणून तिला लुबाडता आलं. १९७७ मध्ये ती कोणालाही नाही म्हणू शकत होती. आणि आवाज? वीस वर्षं धुराच्या खोल्यांत, रात्रीच्या रात्री ओरडून गाण्यापासून त्याला सुट्टी मिळाली होती. खोल, खरखरीत, पण स्वच्छ शब्दांचा तो आवाज ऐकताना नर्सिंगनं त्याचं भलंच केलं असं वाटत राहतं.

१७ ऑक्टोबर १९८४ रोजी रूझवेल्ट बेटावरच्या आपल्या घरी त्या वारल्या. वय ८९.

वेगळं काय करता आलं असतं

गाण्याच्या हक्कांबाबत: दोघी लेखिकांनी हक्क विकण्याचा अधिकार कोणाकडं आहे ते आधी लिहून घ्यायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हाच्या शिकागोत कृष्णवर्णीय बाईला वकील कुठून मिळणार आणि कंपनी त्याच्याशी बोलणार कशाला? ज्यांना वेगळं वागता आलं असतं त्या दोन कंपन्या. कोलंबियाला मूळ लेखिका कोण हे रेकॉर्डवर छापण्याइतकं ठाऊक होतं. पैसे कोणाच्या हाती जातात हे विचारायला एक पत्र पुरलं असतं.

वयाबाबत: नर्सिंगच्या शाळेनं जन्मतारखेऐवजी कामाची परीक्षा घेतली असती, तर खोटं बोलावंच लागलं नसतं. हॉस्पिटलचा नियमही तसाच. सत्तरीला सरसकट घरी पाठवण्याऐवजी काम झेपतं का ते पाहिलं असतं, तर अल्बर्टा हंटर आणखी काही वर्षं वॉर्डात दिसल्या असत्या. मग कुकरी झालीच नसती कदाचित, पण हा युक्तिवाद नियमाच्या बाजूनं मी वापरणार नाही. माणसाला हवं असलेलं काम काढून घेतलं आणि पुढं त्याचं नशिबानं बरं झालं, म्हणून काढून घेणं बरोबर ठरत नाही.

खुद्द हंटर यांच्याबाबत एकच हुरहुर आहे. १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत १९६१ ची ती सत्रं सोडली तर त्यांच्या आवाजाची नोंद जवळपास नाही. वर्षातून एकदा, रजा काढून, चार गाणी ध्वनिमुद्रित करता आली असती का? निर्मात्यांनी अल्बर्टसनसारखं पुन्हा दार ठोठावलं असतं तर कदाचित. ते फारसं कोणी ठोठावलं नाही, आणि त्यांनी स्वतःहून उघडलं नाही.

‘डाउनहार्टेड ब्लूज’ त्यांनी १९७८ च्या चित्रपटासाठी पुन्हा गायलं. दोन्ही ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकावीत. १९२२ चं कर्ण्यात तोंड घालून गायलेलं, त्यामुळं आवाज दुरून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. मुलगी घाईत आहे, तबकडीची तीन मिनिटं संपायच्या आत तिला सगळं सांगून टाकायचं आहे. छप्पन्न वर्षांनंतरच्या ध्वनिमुद्रणात तेच शब्द आहेत, पण म्हातारी प्रत्येक ओळीआधी क्षणभर थांबते, आणि पियानो तिच्यासाठी थांबतो.